काउंटडाउन: चहाची किटली बक्षीस देणारा खेळ चाळीस वर्षांहून जास्त कसा टिकला?

किर्कस्टॉलकर

१९९८ च्या सप्टेंबरात आयटीव्हीवर ‘हू वाँट्स टू बी अ मिलिअनेअर’ सुरू झालं. पुढच्या मार्चमध्ये त्याचा प्रेक्षक एक कोटी नव्वद लाखांवर गेला, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटनमधला जवळजवळ दर तिसरा माणूस. २०१४ मध्ये आयटीव्हीने तोच खेळ गुंडाळला. २०१८ मध्ये जेरेमी क्लार्कसनला घेऊन परत काढला, पण ते पहिलं वेड काही परत आलं नाही. या सगळ्या काळात चॅनल ४ वर, भर दुपारी, एक असा खेळ चालू होता ज्यात दमडीही मिळत नाही. आजही चालू आहे. नाव काउंटडाउन.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दोन स्पर्धक. अक्षरांच्या फेरीत ‘व्यंजन’ किंवा ‘स्वर’ म्हणत नऊ पाट्या मागायच्या आणि तीस सेकंदांत त्यातून लांबात लांब शब्द काढायचा. जितकी अक्षरं तितके गुण, नऊच्या नऊ वापरली तर अठरा. आकड्यांच्या फेरीत सहा संख्या मिळतात. मोठ्या फक्त चार, २५, ५०, ७५ आणि १००. छोट्या १ ते १०. यंत्र एक तीन आकडी संख्या देतं आणि बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार करून तिथे पोचायचं. नेमकी आली तर १० गुण, पाचाच्या आत ७, दहाच्या आत ५. शेवटी नऊ अक्षरांचं एक कोडं, जो आधी बटण दाबेल त्याचं. बस.

रोजच्या विजेत्याला काउंटडाउनच्या घड्याळासारखी दिसणारी चहाची किटली. अख्ख्या मालिकेच्या विजेत्याला बरीच वर्षं ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाचे वीस खंड मिळत.

मूळ खेळ फ्रेंचांचा. १९६५ पासून तिकडे चालू होता. मार्सेल स्टेलमन नावाच्या बेल्जियन गृहस्थांनी तो ब्रिटनला आणला. यॉर्कशायर टेलिव्हिजनने आधी आपल्या भागापुरते थोडे भाग करून पाहिले आणि मग २ नोव्हेंबर १९८२ ला चॅनल ४ सुरू झालं तेव्हा त्या वाहिनीवरचा सगळ्यात पहिला कार्यक्रम म्हणून हाच लागला. सूत्रधार रिचर्ड व्हाइटली. हा मूळचा लीड्सच्या स्थानिक बातम्यांचा माणूस, ‘कॅलेंडर’ नावाचं संध्याकाळचं बातमीपत्र सांगायचा. दुपारी खेळ, संध्याकाळी बातम्या, म्हणून लोकांनी त्याला ‘दिवसातून दोनदा दिसणारा’ अशा अर्थाचं टोपणनाव ठेवलं होतं. भडक कोट, त्याहून भडक टाय, आणि स्वतःच्याच कोट्यांवर स्वतःच हसणं. १९७७ मध्ये थेट कार्यक्रमात एका फेरेटने (मुंगसासारखा पाळीव प्राणी) त्याच्या बोटाला चावा घेतला आणि सुटेचना. ती चित्रफीत इथले लोक अजून काढून बघतात.

आकड्यांचं गणित सोडवून दाखवायला कॅरल वॉर्डरमन. केंब्रिजची इंजिनिअर. जाहिरात तिच्या आईने पाहिली आणि अर्जही आईनेच केला! ही जोडी तेवीस वर्षं चालली. २००५ च्या जूनमध्ये व्हाइटली एकसष्टाव्या वर्षी गेला आणि तिथून सूत्रधारांची रांगच लागली.

माझं म्हणणं एवढंच आहे की सूत्रधार बदलले, स्टुडिओ बदलले, वेळ बदलली, तरी खेळ टिकला, कारण त्यात पैसा नाही. पैसा नाही म्हणून दरवर्षी रक्कम वाढवायची सक्ती नाही आणि लबाडीत काही फायदा नाही. मिलिअनेअरमध्ये २००१ मध्ये मेजर इंग्रॅमचं, साथीदाराने खोकून बरोबर उत्तर सुचवल्याचं प्रकरण झालं आणि २००३ मध्ये कोर्टात शिक्षाही झाली. किटलीसाठी कोण खोकेल?

बोला.

अंजू_ठाणे

मस्त धागा. हा कार्यक्रम मी फक्त ‘८ आउट ऑफ १० कॅट्स डझ काउंटडाउन’ या अवतारात पाहिलाय. मूळ खेळ त्याच्या आधीचा आहे हे मला बरंच नंतर कळलं. जिमी कार, शॉन लॉक, जॉन रिचर्डसन. मला वाटायचं की विनोदासाठीच कुणीतरी एवढं कंटाळवाणं घड्याळ लावलंय.

किर्कस्टॉलकर

@अंजू_ठाणे, घड्याळाला काही बोलायचं नाही हं. ते तीस सेकंदांचं संगीत ॲलन हॉकशॉचं आहे आणि इथे कुणी एटीएमपुढे रेंगाळलं तरी मागचे लोक तेच गुणगुणतात.

विनोदी आवृत्ती २०१२ मध्ये एकदाच करायची म्हणून काढली होती, पुढच्या वर्षापासून नियमित झाली. आता तुमच्यासारखे बरेच लोक आधी ती बघतात आणि मग मूळ खेळाकडे येतात.

खडूस

पैसा नाही म्हणून टिकला हे ऐकायला छान आहे. पण बबिता ताडेंना किटली देऊन चाललं असतं का? अमरावती जिल्ह्यातल्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाई, महिना पंधराशे रुपये मानधन. २०१९ मध्ये करोडपतीत एक कोटी जिंकल्या. त्याआधी २००० मध्ये आपला हर्षवर्धन नवाथे. त्याच्यामुळे स्पर्धा परीक्षा देणाऱ्या किती पोरांच्या घरी ‘बघ, सामान्यज्ञानाचा उपयोग होतो’ असं ऐकवलं गेलं असेल! बक्षिसात जीव असला की खेळात जीव येतो. बिनपैशाचा खेळ हे ज्यांची पेन्शन सुरू आहे त्यांचं सुख.

किर्कस्टॉलकर

@खडूस, ताडेबाईंच्या बाबतीत वादच नाही. पण तुम्ही खेळणाऱ्याच्या बाजूने बोलताय, मी खेळाच्या बाजूने. करोडपतीचीही गंमत बघा. बक्षीस एक कोटीवरून पाच, मग सात असं वाढवत न्यावं लागलं. काउंटडाउनमध्ये १९८२ मधला सात अक्षरी शब्द आजही सातच गुणांचा. महागाईचा त्याच्याशी संबंध नाही.

हिशेबनीस

दोघेही भावनेत वाहताय. मी जाहिरात आणि टीव्हीच्या धंद्यात थोडी वर्षं काढली आहेत, तेव्हा रुक्ष मुद्दा मांडतो. हा खेळ टिकला कारण तो स्वस्त आहे. एकच सेट. एका दिवसात पाच भाग चित्रित होतात, सूत्रधार मध्ये कपडे बदलून येतो आणि पडद्यावर दुसरा दिवस उजाडतो. लेखकांची फौज नको, बाहेरचं चित्रण नको, विम्याचा मोठा हप्ता नको. दुपारच्या वेळेला जाहिरातीचे दर कमी असतात, तिथे असाच माल परवडतो. मिलिअनेअर बंद पडलं ते खर्चाच्या मानाने प्रेक्षक राहिले नाहीत म्हणून. काउंटडाउनचे प्रेक्षकही घटले, पण खर्चच एवढासा की घट सोसली.

आणि पैसा नाही म्हणता, तर कॅरल वॉर्डरमन का गेली? २००८ मध्ये तिचं मानधन नव्वद टक्के कापायला निघाले होते, हे तिनेच जाहीर सांगितलं. खेळणाऱ्याला किटली, पण पडद्यावरच्या माणसाला घसघशीत मानधन, असं ते गणित होतं. ते बिघडलं तेव्हा सव्वीस वर्षांची बाई गेली.

सायली_लेस्टर

सव्वीस वर्षांची बाई नाही हो, सव्वीस वर्षं काम केलेली बाई! 😄

हिशेबनीस म्हणतात ते पटतंय, पण एक गोष्ट राहिली. वेळ. पूर्वी हा कार्यक्रम साडेचारच्या आसपास लागायचा. शाळा सुटून पोरं घरी, आजी-आजोबांचा चहा, कॉलेजची मुलं लेक्चर बुडवून सोफ्यावर, सगळे एकदम. ऐन भरात रोजचा प्रेक्षक तीस लाखांच्या घरात होता. मग वाहिनीने तो हळूहळू पुढे ढकलला, तीनच्या सुमारास, आणि आता दोनच्या सुमारास. दोन वाजता शाळेतली मुलं बघणार कशी? व्हाइटली गेल्यामुळे कार्यक्रम घसरला असं सगळे म्हणतात. माझ्या मते निम्मा दोष घड्याळाचा. स्टुडिओतल्या नाही, भिंतीवरच्या.

माझ्या सासऱ्यांचं इंग्रजी काउंटडाउनवर सुधारलं. ते युगांडातून आले तेव्हा दुकानापुरतं इंग्रजी होतं. त्यांना अक्षरांच्या फेरीत फार काही जमायचं नाही, पण आकड्यांत टीव्हीच्या आधी उत्तर. दुकानाचा गल्ला सांभाळलेला माणूस!

निवृत्त_मास्तर

आकड्यांचा विषय निघालाच आहे तर १९९७ मधल्या एका डावाबद्दल लिहितो. गणित शिकवणाऱ्या प्रत्येकाने तो पाहावा.

संख्या: २५, ५०, ७५, १००, ३, ६. लक्ष्य: ९५२.

स्पर्धकाने चारही मोठ्या संख्या मागितल्या होत्या. तीस सेकंद संपले आणि तो म्हणाला की ९५२ आले. मग सांगायला लागला. १०० अधिक ६, १०६. गुणिले ३, ३१८. गुणिले ७५, २३८५०. इथे कॅरलबाई हसायला लागल्या, प्रेक्षकांना वाटलं गडी भरकटला. वजा ५०, २३८००. भागिले २५. उत्तर ९५२!

लोक म्हणतात २३८०० ला २५ ने तोंडी भागलं, केवढी बुद्धी. खरी खुबी वेगळी आहे. ७५ भागिले २५ म्हणजे ३, म्हणून ३१८ गुणिले ३, ९५४ मिळतात. दोन कमी करायचे, तर ५० भागिले २५ म्हणजे २. अडचण अशी की दोन्हीकडे २५ लागतो आणि पाटी एकच आहे. म्हणून त्याने भागाकार शेवटपर्यंत लांबवला, म्हणजे एकच २५ दोघांनाही भागतो. नववीच्या पुस्तकात याला सामाईक अवयव काढणे म्हणतात. मुलं ते पाठ करतात आणि विसरतात. हा डाव फळ्यावर मांडला तर विसरणार नाहीत.

मुक्तछंद

मास्तर, दंडवत. मी दोनदा वाचलं तेव्हा कळलं.

ब्रिस्बेनवासी

ऑस्ट्रेलियात एसबीएस वाहिनीवर ‘लेटर्स अँड नंबर्स’ नावाने हाच खेळ २०१० ला सुरू झाला आणि २०१२ ला बंद. खेळ तोच, बक्षीस कोश, पैसा नाही. तरी दोनच वर्षं. तेव्हा @किर्कस्टॉलकर, ‘पैसा नाही म्हणून टिकला’ हे सूत्र इकडे लागू पडत नाही.

आणि मूळ फ्रेंच खेळही २०२४ मध्ये बंद केला त्यांनी. आधी रोजचा होता तो फक्त शनिवार-रविवारवर आणला, मग पूर्ण थांबवला. बाप गेला, ब्रिटनमधलं पोर जिवंत आहे.

किर्कस्टॉलकर

@ब्रिस्बेनवासी, फ्रान्सचं उदाहरण माझ्या विरुद्ध जातं खरं, पण पाहा, तिथेही आधी काय केलं? रोजची सवय मोडली. काउंटडाउनची रोजची बैठक कुणी मोडली नाही. २०१४ च्या सप्टेंबरात सहा हजारावा भाग झाला, गिनीज बुकात नोंद झाली. तेव्हा ‘पैसा नाही’ला सायलीताईंची ‘वेळ’ जोडतो: पैसा नाही आणि रोज आहे.

आता ती सूत्रधारांची रांग. यातली प्रत्येक निवड वाहिनीला काय हवं होतं ते सांगते.

व्हाइटलीनंतर ऑक्टोबर २००५ च्या शेवटी डेस लायनम आला. खेळांच्या समालोचनातलं फार मोठं नाव, मिशीवाला, गुळगुळीत आवाज. त्याची सारी ऐट अशी की काही विशेष घडत नाहीये. पण तो राहायचा खाली ससेक्सला आणि चित्रण लीड्सला. त्या प्रवासाला कंटाळून वर्षभरात सोडलं. मग डेस ओकॉनर, गाणी म्हणणारा जुना मनोरंजनकार. दोन वर्षं. २००८ च्या डिसेंबरात तो आणि कॅरल दोघेही एकदम गेले. खरी कसोटी तेव्हाची. सगळ्यांनी श्राद्ध घालायची तयारी केली होती.

२००९ च्या जानेवारीत जेफ स्टेलिंग आणि रेचल रायली. स्टेलिंग शनिवारी स्कायवर तासन् तास फुटबॉलचे निकाल सांगणारा, आकड्यांशी खेळणारा माणूस. रायली ऑक्सफर्डची गणित पदवीधर, निवडली तेव्हा वय बावीस, टीव्हीचा अनुभव शून्य. कॅरलच्या जागी नावाजलेला चेहरा आणण्याऐवजी त्यांनी १९८२ चाच डाव परत टाकला: गणित येणारी, कुणाला माहीत नसलेली मुलगी. ही त्या वाहिनीने केलेली सगळ्यात शहाणी गोष्ट. ती अजून आहे.

त्याच वर्षी चित्रण लीड्सहून मँचेस्टरला हललं आणि पुढे २०१३ मध्ये सॅलफर्डला. लीड्सकरांना हे अजून झोंबतं. किर्कस्टॉल रोडवरून, जुन्या स्टुडिओपुढून जाताना मलाही.

स्टेलिंगला स्कायचं काम सांभाळून हे झेपेना म्हणून २०११ मध्ये तो गेला. निक ह्यूअर आला, ‘द अप्रेंटिस’मध्ये ॲलन शुगरच्या बाजूला भुवया उंचावून बसायचा तो. आजोबांसारखा. साडेनऊ वर्षं राहिला, व्हाइटलीनंतर इतका कुणीच टिकला नव्हता. २०२१ मध्ये ॲन रॉबिन्सन. ‘द वीकेस्ट लिंक’मध्ये स्पर्धकांना फाडून खाणारी. पहिली स्त्री मुख्य सूत्रधार, म्हणून कौतुक, पण काउंटडाउनचा स्पर्धक बहुधा बुजरा असतो, त्याला फाडून काय मिळणार? वर्षभरात ती गेली. २०२२ पासून कॉलिन मरे, उत्तर आयर्लंडचा खेळ-निवेदक. हा खेळाचा भक्त आहे हे दिसतं. स्पर्धकाला त्याचा शब्द कुठे सुचला हे खरंच विचारतो.

खडूस

म्हणजे प्रसिद्ध माणूस आणला की पडतो आणि खेळाची आवड असलेला आणला की चालतो. हे सांगायला एवढा प्रतिसाद?

किर्कस्टॉलकर

हो.

अंजू_ठाणे

🤣

आणि सूझी डेंट? तिचं नावही नाही घेतलं!

सायली_लेस्टर

अगदी. १९९२ पासून शब्दकोशाच्या कोपऱ्यात बसलेली आहे. सूत्रधार सहा-सात झाले, ती तिथेच. ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसमध्ये काम करत होती, तिथून आली. आधी छापील कोश उघडून बघायची, आता समोर संगणक. स्पर्धकाने शब्द सांगितला की सगळे तिच्याकडे बघतात आणि ती मान हलवते ते बघताना जीव टांगणीला लागतो. मला तर वाटतं हा कार्यक्रम सूत्रधाराचा कधी नव्हताच. त्या कोपऱ्याचा आणि पाट्या लावणारीचा आहे.

मुक्तछंद

मराठीत करता येईल का हा खेळ? अक्षरांची फेरी म्हणतोय. आकड्यांना भाषा नाही.

निवृत्त_मास्तर

करून बघू. पाट्या व्यंजनांच्या आणि काना-मात्रा-वेलांट्यांच्या वेगळ्या. समजा क, ल, म, र, काना आणि दीर्घ वेलांटी अशा सहा आल्या. मालक चार. कलमी चार. पुढे?

सायली_लेस्टर

रामकली! सहाच्या सहा!

खडूस

विशेषनाम. बाद.

सायली_लेस्टर

रागाचं नाव विशेषनाम कसं? उद्या भूपही बाद कराल.

खडूस

भूप म्हणजे राजा म्हणून चालेल. रामकली बाद.

हिशेबनीस

यातच उत्तर आलं. तिकडे ऑक्सफर्डच्या कोशात आहे की नाही, विषय संपला. इथे दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश प्रमाण मानला तर त्यातला निम्मा ऐवज आजच्या पोराला कळणार नाही, आणि नाही मानला तर मानायचं काय?

दुसरं, इंग्रजीत अनेकवचनाचा एक एस लागतो, स्पर्धक तो जपून ठेवतात. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं चालवली तर ‘घरातल्यांनासुद्धा’ हा एक शब्द. नाही चालवली तर ‘घरी’ सुद्धा बाद करावं लागेल. नियमावली लिहिता लिहिता पंचमंडळ म्हातारं होईल.

मुक्तछंद

जोडाक्षरांचं तर नावच काढू नका. हलन्ताची वेगळी पाटी?

निवृत्त_मास्तर

हलन्ताची पाटी हवीच. ती स्वरात धरायची की व्यंजनात, यावर एक वेगळा धागा काढा. तोवर सगळ्यांसाठी आकडे:

१००, २५, ९, ७, ४, २. लक्ष्य ६८३. तीस सेकंद. अपूर्णांक आणि ऋण संख्या चालणार नाहीत. प्रत्येक पाटी एकदाच.

ब्रिस्बेनवासी

१०० × ७ = ७००. वजा २५, ६७५. ४ × २ = ८. बेरीज ६८३. नऊ उरला.

अंजू_ठाणे

माझं वेगळं आलं! १०० – २५ = ७५. गुणिले ९, ६७५. अधिक ४ × २. माझा सात उरला.

निवृत्त_मास्तर

दोघांनाही दहा-दहा. ६७५ वर दोन वाटांनी पोचता येतं म्हणूनच हा दिला होता. पटकन सात शंभरांकडे जाणारे जास्त असतात, ७५ चा नऊचा पाढा येणारे कमी.

खडूस

किटली कुठे?

किर्कस्टॉलकर

किटली मास्तरांकडे मागा, मी फक्त धागा काढला.

@हिशेबनीस, तुमच्या स्वस्ताईच्या मुद्द्यावर विचार करतोय. स्वस्त आहे म्हणून वाहिनीने ठेवला, हे मान्य. पण दुपारच्या वेळेला स्वस्त खेळ डझनांनी आले आणि गेले, त्यांची नावंही कुणाला आठवत नाहीत. स्वस्ताईमुळे गळ्यावर सुरी आली नाही एवढंच. लोक का बघत राहिले याचं उत्तर मास्तरांच्या कोड्यावर आत्ता जे झालं त्यात आहे. तुम्हीही मनातल्या मनात सोडवलं असणार.

हिशेबनीस

सोडवलं. शंभर साती. नऊ उरला.

नवी_वाचक

नमस्कार, पहिलाच प्रतिसाद. मी शिकायला नुकतीच शेफिल्डला आले आहे. खोलीत टीव्ही नाही आणि टीव्ही बघायला लागणारं लायसन्सही घेतलेलं नाही. हा कार्यक्रम बघायचा तर काय करावं लागेल?

सायली_लेस्टर

स्वागत! चॅनल ४ च्या ॲपवर मोफत नोंदणी कर. दुपारी थेट लागतो तेव्हा बघितलास तर लायसन्स लागतं, मग लॅपटॉपवर का असेना. नंतर मागाहून भाग लावून बघितलास तर चॅनल ४ ला लागत नाही. बीबीसीच्या आयप्लेअरला मात्र दोन्ही वेळा लागतं, तिथे गफलत करू नकोस. मध्ये जाहिराती येतील, त्या पळवता येत नाहीत.